सात खाचांची नळी

६ सप्टेंबर, शनिवार

अप्पाकाकांकडे बंदूक आहे! दोन वर्षं मी या माणसाच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहते आणि मला हे आज कळतंय!

बंदूक म्हणजे नुसती नळी. आणि नळीसुद्धा अर्धीच. चाप नाही, दस्ता नाही, मागचं बूचही नाही. हातभर लांब, बाहेरून अष्टकोनी, काळीकुळकुळीत. देवघराच्या खालच्या फळीवर लाल फडक्यात गुंडाळून ठेवलेली असते. अनंत चतुर्दशीचे मोदक द्यायला खाली गेले, तर काका ती मांडीवर घेऊन पुसत बसले होते. मी लगेच हातात घेतली. डोळा लावला तर पलीकडचं काहीच दिसेना. भोक बुजलेलं!

"आत काय घातलंय, काका?"

"हळद, कुंकू, गंध. दर आयुधपूजेला. एकतीस वर्षं." हे अभिमानाने!

मग हळूच म्हणाले, "नोडी ताराम्मा, तू कारखान्यात हेच काम करतेस, अल्वा? भोकं मोजायचं?"

अकरा वर्षांची नोकरी — दोन शब्दांत उरकली. पण खरं आहे. नंजनगूडच्या कारखान्यात मी दिवसभर भोकंच मोजते.

"हे भोक मोज. आणि अक्काकडचंही मोज. तिच्याकडे आहे तो पाण्याचा पाइप आहे म्हणून लिहून दे."

अक्का कोण? — तेवढ्यात काकूंनी जेवायला हाक मारली आणि काकांनी फडकं गुंडाळलं.


७ सप्टेंबर, रविवार

आज कमलाक्षीकाकूंबरोबर सारिन पुडीसाठी, म्हणजे साराच्या मसाल्यासाठी, मिरच्या निवडल्या आणि सगळं काढून घेतलं. शिंका पन्नास, माहिती भरपूर.

अक्का म्हणजे काकांची थोरली बहीण, भागीरथीबाई. वय एकोणऐंशी. राहतात नंजनगूडला. यांचं घराणं रंगाऱ्यांचं, सात पिढ्या म्हैसूरात. वडिलांचा साड्या छापायचा कारखाना होता. ही नळी कुणा पणजोबांना राजवाड्यातल्या कुणी दिली म्हणे. कुणी, कशाबद्दल — ते कुणालाच ठाऊक नाही. वडील दर महिन्याला ती साफ करायचे आणि हाताशी असायची भागीरथी. अप्पाला तेव्हा तेलाच्या वासाने मळमळायचं!

वडील गेले, वाटणी झाली. अक्कांनी घर मागितलं नाही, कारखाना मागितला नाही. म्हणाल्या, मला नळी द्या. काका म्हणाले, मुलीला बंदूक कशाला? अक्का म्हणाल्या, बाप मलाही होता. काका चिडले — घे मग अर्धी! आणि खरंच कापली! लोखंडी नळी, वाटणीत कापली! भाऊ लोक शेत वाटतात, विहीर वाटतात. हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

तिथेही मिटलं असतं. पण पुढे एका लग्नात चुलत्यांपैकी मालोजीराव म्हणून कुणी दोन्हीकडच्या नळ्या पाहून आलेले. ते भर पंगतीत बोलले — अप्पाची अष्टकोनी, भागीरथीची गोल, एका नळीचे तुकडे असे कसे असतील? झालं! काका म्हणाले, अक्काने खरा विकून पाइप ठेवला. अक्का म्हणाल्या, अप्पाने. तेव्हापासून तोंड बघितलेलं नाही. म्हैसूर ते नंजनगूड! रोज सकाळी मी चामराजनगर पॅसेंजरमध्ये बसते आणि डबा उघडून बंद करेपर्यंत पोचते.

"आणि दसरा झाला की अक्का हुबळीला मुलाकडे जाणार," काकू म्हणाल्या. "कायमचं. आता नाही तर मग नाहीच."

काकांची अट मी त्यांच्या तोंडूनच घेतली. दोन्ही तुकडे एका नळीचे निघाले तर ते स्वतः अक्काला आयुधपूजेला बोलावणार. नाही निघाले तर या घरात तिचं नाव काढायचं नाही.

दुसऱ्यांच्या भांडणात पडू नये, आई नेहमी सांगते. पण आईच्या वेळी मायक्रोमीटर नव्हता.


९ सप्टेंबर, मंगळवार

काका नळी साफ करू देईनात. पितृपक्ष चालू आहे, शुभकार्य नको.

"काका, हे शुभकार्य नाही. ही साफसफाई आहे."

विचार करतो म्हणाले.


१३ सप्टेंबर, शनिवार

केला विचार! सकाळी सातला वर आले, नळी कडेवर घेऊन.

मागच्या अंगणात दगडावर बसून दोन तास घासली. गरम पाणी, रिठा, बाटल्या धुवायचा ब्रश. आधी लाल पाणी, मग पिवळं, मग पुन्हा लाल. एकेक वर्ष निघत होतं. अक्षता निघाल्या. वाळलेली जाईची कळी निघाली. एक झुरळ निघालं — ते कुठल्या सालचं ते काकांनाही सांगता येईना. काका बाजूला उभे राहून प्रत्येक बादलीला "अय्यो, अय्यो" करत होते. ते पाणी मोरीत टाकू देईनात. सगळं तुळशीला, नाहीतर पारिजातकाला. काकू म्हणाल्या, "उद्या पारिजातकाला गोळ्या लागतील."

मग नळी उन्हाकडे धरली.

आत खाचा! गोल फिरत जाणाऱ्या, हातांनी कोरलेल्या, एकसारख्या खाचा! मी ओरडलेच. साधी नळी आतून गुळगुळीत असते. हिच्यात खाचा पाडलेल्या, म्हणजे गोळी गिरकी घेत बाहेर पडून सरळ जावी म्हणून कुणीतरी महिनाभर बसून हे कोरलंय. यंत्र नाही, वीज नाही — आणि आमचे लोक कॉम्प्युटरवाल्या मशीनवरसुद्धा मापात येत नाहीत!

काकांना बघायला दिली. एक डोळा मिटून कितीतरी वेळ बघत राहिले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, आणि आपली नळी आतून पहिल्यांदा बघतोय.

लॅबमधून पिना मागून आणल्या होत्या. गोल, घासून अचूक केलेल्या, प्रत्येकीवर माप कोरलेलं. १४.६० मिलिमीटरची पिन सुळकन आत गेली. १४.६५ ची अडली. म्हणजे आतल्या उंचवट्यांमधलं अंतर, बोअर, १४.६० च्या जरा वर. हे झालं पहिलं माप. दुसरं माप खाचांच्या तळापासून तळापर्यंतचं, आणि ते पिनेने घेता येत नाही. त्याला शिसं लागतं. उद्या.

किती मजा येते आहे! शनिवारी सुट्टी असून भोक मोजते आहे आणि मजा येते आहे. माझं काही खरं नाही.


१४ सप्टेंबर, रविवार

देवराज मार्केटच्या मागे गळ विकणारा बसतो. त्याच्याकडून शिशाचे गोळे आणले. त्याने विचारलं, कावेरीला की कबिनीला? म्हटलं, घरी, जयलक्ष्मीपुरमला. पाण्यात बघावं तसा माझ्याकडे बघत राहिला.

एक गोळा ठोकून बोअरपेक्षा किंचित जाड केला. नळीत एरंडेल सोडलं. सागाच्या दांड्याने गोळा तोंडात बसवला आणि हातोडीने हलके हलके ठोकत आत ढकलला. शिसं मऊ. ते दबून खाचांत शिरतं आणि आतला ठसा घेऊन दुसऱ्या तोंडाने बाहेर पडतं. काका दुसऱ्या टोकाला ओंजळ धरून बसले होते. मध्येच अडकला. काका म्हणाले, "जोरात माडू?" मी म्हटलं, "बेडा, काका, बेडा!" — माझं कन्नड असं गरजेपुरतं.

टक्. पडला ओंजळीत! अंगभर तिरपे कंगोरे आलेले, चकचकीत, नळीची आतली बाजू बाहेर काढून हातात ठेवल्यासारखा. खाचा होत्या तिथे आता कंगोरे. त्यांच्यावरून मायक्रोमीटर धरला. फिरवून फिरवून पाच वेळा. १४.९३.

वहीत लिहिलं. खाली रेघ मारली. काकांनी ती रेघ बघून मान हलवली, आकडा बघून नाही.


१६ सप्टेंबर, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत अक्कांकडे गेले. देवळापासून दोन गल्ल्या. बारीक, ताठ बाई. मनगटावर पुरुषी घड्याळ. शिवणयंत्रावर बसल्या होत्या, उठल्या नाहीत.

"कोण पाठवलं? अप्पाने? मग जा."

"मी जाते, अक्का. नळी मोजली की जाते."

"तो म्हणतो माझी पाइप?"

"हो."

"माझी पाइप!" — आणि ताडकन उठल्या. आतून नळी आणली आणि माझ्या हातात अशी ठेवली की मी दोन पावलं मागे गेले. बाहेरून गोल, सडपातळ. आत? आरसा! दर महिन्याच्या एक तारखेला तेल आणि मलमलीचं फडकं. वडिलांनी शिकवलं तसं. एकतीस वर्षं, एक महिना चुकला नाही. हळद, कुंकू लांबून दाखवायचं म्हणाल्या, आत नाही टाकायचं, नळी म्हणजे काय करंडा आहे?

पिन घातली. १४.६० गेली, १४.६५ अडली. पहिलं माप जुळलं! शिसं मी ठोकणार, तर अक्कांनी हातोडी हिसकावून घेतली. "सुम्ने बस. हे मला नको शिकवू." एवढ्या वयात एकेक ठोका असा नेमका, की आमच्या टूलरूममधल्या चौघांना इथे शिकायला पाठवावं.

निघताना नऊ रसबाळ केळी पिशवीत घातली. म्हणाल्या, "खाली देऊ नको. तू खा." मग दारापर्यंत येऊन, "त्याला अजून तेलाने मळमळतं का?"

आज रात्री केळी खाली दिली. सहा. तीन खाल्ली.


१७ सप्टेंबर, बुधवार

जुळत नाही.

अक्कांचा ठसा सकाळी लॅबमध्ये अमूल्याकडे दिला. ती आमच्या प्रोजेक्टरवर असते. वस्तूची सावली पडद्यावर वीसपट मोठी दिसते, त्यावरून माप. पाच मिनिटांत चिठ्ठी: खाचांचं माप १५.२१. काकांचं १४.९३. पाव मिलिमीटरपेक्षा जास्त फरक! बोअर दोन्हींचा सारखा, पण बोअर काय, योगायोगानेही जुळेल. खाचा जुळत नाहीत म्हणजे एका हातच्या नाहीत, एका हत्याराच्या नाहीत.

तोंड बंद ठेवावं ना? उचलली जीभ, लावली टाळ्याला! घरी आले ती चपलासुद्धा न काढता सांगितलं — काका, वेगळ्या आहेत.

मला वाटलं, खूश होतील. शेवटी त्यांचंच म्हणणं खरं ठरलं ना. "बघ, मी म्हटलं होतं," म्हणाले खरे. पण नळी उचलून फडक्यात गुंडाळायला लागले तर गाठच बसेना. दोनदा सुटली. मग तशीच फळीवर ठेवली आणि आत निघून गेले. मला इतकं वाईट वाटलं, की जेवण गेलं नाही.

काकू दारात उभ्या होत्या. "पुन्हा मोज," म्हणाल्या. "नीट मोज."

आता यांना मायक्रोमीटरमधलं काय कळतं!


१८ सप्टेंबर, गुरुवार

खालून कॉफीची हाक आली नाही.


१९ सप्टेंबर, शुक्रवार

अक्कांना अजून सांगितलेलं नाही. आज दुपारी त्या गल्लीकडे फिरकलेसुद्धा नाही. लॅबमध्ये बसून डबा खाल्ला. भित्री भागूबाई!


२१ सप्टेंबर, रविवार

मी गाढव आहे. आणि मी आनंदाने नाचते आहे. दोन्ही एकदम होऊ शकतं!

झालं असं. सकाळी काकांनी सर्वपित्रीचं तर्पण केलं. वडिलांचं नाव दोनदा घेतलं, ते वर जिन्यापर्यंत ऐकू आलं. दुपारी काकूंनी हाक मारली — उद्यापासून नवरात्र, बाहुल्या मांडायच्या आहेत, पायऱ्या लावायला हात दे. मी मान खाली घालून गेले. सगळ्या पेट्या उघडल्या. राजाराणी, शेट्टी-शेट्टीण, हत्ती. पायऱ्या सात केल्या तर बाहुल्या मावेनात. मी म्हटलं, आठ करू या की.

"आठ चालत नाहीत. एक, तीन, पाच, सात, नऊ. सम कधी नाही."

"पण का?"

"सम आलं की समोरासमोर जोडी लागते. विषमात एक कायम उरतो," काकू म्हणाल्या. खरं कारण तेच की त्यांनी तिथल्या तिथे रचलं, कुणास ठाऊक. माझ्या हातातून शेट्टी पडता पडता राहिला.

समोरासमोर! नळीत खाचा किती? धावत वर गेले, ठसा काढला, बोटाने मोजल्या. सात. सात!!

खाचा सहा असत्या किंवा आठ असत्या, तर एका खाचेच्या बरोबर समोर दुसरी खाच आली असती. सातमध्ये येत नाही! एका कंगोऱ्यासमोर पलीकडे खोलगा येतो. मायक्रोमीटरचे सपाट जबडे एकीकडे कंगोऱ्यावर आणि दुसरीकडे दोन कंगोऱ्यांच्या कडांवर टेकलेले — म्हणजे माप कमीच येणार! पाच वेळा मोजा नाहीतर पाचशे वेळा, पाचशे वेळा तेच चुकणार. आणि हे मी दर वर्षी नव्या मुलींना शिकवते. तीन धारांच्या रीमरला, म्हणजे भोक मोठं करायच्या हत्याराला, सपाट मायक्रोमीटर लावायचा नाही, व्हीच्या तोंडाचा लावायचा. फळ्यावर चित्र काढून शिकवते!

खाली काकूंनी सातव्या पायरीवर पांढरं कापड अंथरलं होतं. मी त्यांना मिठीच मारली. "एनम्मा इदु," म्हणाल्या, "बाहुल्या सांभाळ!"

उद्या प्रोजेक्टर. काकांना अजून काही बोलायचं नाही. या वेळी जिभेला कुलूप.


२२ सप्टेंबर, सोमवार

बोअर १४.६० — १४.६०.

खाचा १५.१९ — १५.२१.

सात — सात.

दोन शतांशाचा फरक! हाताने कोरलेल्या कामात! अमूल्या म्हणाली, "अगं, आपल्या नव्या लाइनवर एवढं येत नाही." मी म्हटलं, माहिती आहे.


२३ सप्टेंबर, मंगळवार

सांगितलं. सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. कागदावर सात पाकळ्यांचं चित्र काढून दाखवलं.

काकांनी चित्र उलटं धरलं, मग सुलटं. "म्हणजे चूक तुझी?"

"माझी."

"अक्काची नाही?"

"नाही."

"माझीही नाही?"

"तुमचीही नाही, काका."

मग ते एकदम खुर्चीतून उठले, पुन्हा बसले, चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "कमलाक्षी, ताराम्माला कॉफी दे! स्ट्राँग!" सहा दिवसांनी कॉफी! त्या कॉफीची चव मी विसरणार नाही. काकूही हसत होत्या. म्हणाल्या, "मी म्हटलं होतं ना, नीट मोज."


२५ सप्टेंबर, गुरुवार

दुपारी अक्कांकडे. सगळं सांगून झाल्यावर म्हटलं, काकांनी पूजेला बोलावलंय.

अक्का सुईत दोरा ओवत होत्या. ओवून झाल्यावर म्हणाल्या, "तुझ्या हातून नको. त्याला पाय आहेत ना?"

संध्याकाळी काकांना तसंच सांगितलं. मला वाटलं, आता बसले हटून! तर ते कपाटातून इस्त्रीचा शर्ट शोधायला लागले.


२८ सप्टेंबर, रविवार

आजचा दिवस! काय लिहू आणि किती लिहू!

काका पहाटेपासून तयार. गाडी सुटायच्या पाऊण तास आधी आम्ही फलाटावर. काकू आल्या नाहीत. बाहुल्या बघायला बायका येणार होत्या. काकांच्या हातात म्हैसूर मल्लिगेच्या फुलांची पुडी, काखेत लाल फडक्यातली नळी. शेजारच्या बाईने विचारलं, बासरी का? काका म्हणाले, "हो." मी खिडकीबाहेर बघून हसले.

गाडीत दर स्टेशनला विचारत होते — ती काय बोलली तर? मी काय बोलायचं? मी म्हटलं, नमस्कार करा आणि गप्प बसा. मग कबिनीचा पूल आला. अंगठा नळीवरून नुसता फिरवत राहिले.

अक्का दारातच उभ्या. घड्याळ बघत! गाडीची वेळ त्यांना पाठ होती.

काकांनी खाली वाकून पायांना हात लावला. गुडघा अडकला. अक्कांनी दंड धरून वर घेतलं. "तम्मा, जाड झालास," एवढंच म्हणाल्या. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ.

"अक्का, तू..." — काकांनी सुरुवात केली. मग फडक्याची दोन्ही टोकं सोडून नळी पुढे केली. "बघ. आतून साफ केली."

अक्कांनी उजेडाकडे धरून डोळा लावला. खूप वेळ. मग म्हणाल्या, "बाबा असते तर म्हणाले असते, अजून एक हात मार." दोघं हसायला लागली. आणि हसता हसता काका रडायला लागले. मी तिथून उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच पाणी प्यायले, दोन भांडी.

जेवायला चित्रान्न, कोसंबरी, आणि रसबाळं. येताना काकांनी पिशवी माझ्याकडे दिलीच नाही. अक्का परवा संध्याकाळी येणार. दोन दिवस राहणार. एकतीस वर्षांनी माहेरी!

मी आज जगातल्या कुठल्याही न्यायाधीशापेक्षा मोठी आहे. हे उद्या पुसून टाकेन, पण आज लिहिते.


३० सप्टेंबर, मंगळवार

कारखान्यात पूजा. उद्याच्या ऐवजी आजच, उद्या सुट्टी. सगळ्या यंत्रांना शेवंतीच्या माळा. गेटवर कोहळा फोडला. आमच्या मॅनेजरसाहेबांनी कुंकवाचं बोट घेऊन थेट मायक्रोमीटरच्या जबड्यावर नेलं — मी हात धरला! मुठीवर लावा म्हटलं, जबड्यावर नको, पुढचं वर्षभर चुकेल. त्यांना पटलं नाही, पण लावलं मुठीवर.

घरी आले तर अक्का पोचलेल्या. खालून तिघांचे आवाज येत होते. कोण काय बोलतंय कळत नव्हतं, इतकं एकदम बोलत होते.


१ ऑक्टोबर, बुधवार

आयुधपूजा.

काकांची स्कूटर, अक्कांची कात्री, काकूंची विळी, माझा मायक्रोमीटर, सगळं पाटावर. मधोमध दोन नळ्या. अक्कांनी आधीच दम दिला, आत काही टाकायचं नाही. काकांनी गंधाचं एकच बोट बाहेरून लावलं, आज्ञाधारक!

मग काका म्हणाले, जोडून बघू. दोन्ही कापलेली तोंडं समोरासमोर ठेवली. मी हसत होते, फोटो काढत होते.

अक्कांचं बोट काकांच्या अष्टकोनी तुकड्यावरून सरकत सांध्यापर्यंत आलं. तिथे थांबलं. पलीकडे एकदम गोल.

"वेल कुठे आहे?"

"कुठली वेल?"

"चांदीची! अष्टकोन संपून गोल होतो तिथे चांदीची वेल होती, तम्मा. फेर धरलेली. मी ब्रासोने पुसायची. ती तुझ्याकडच्या भागात गेली म्हणून तर मी इतकी वर्षं..."

"माझ्याकडे? ती तुझ्याकडे गेली ना! चांगला भाग अक्काला गेला म्हणून मी..."

दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. मी फोन खाली ठेवून तुकडे जवळ घेतले. कापावरच्या खाचा जुळवून पाहिल्या. सातांतली एकही पलीकडच्या खाचेत जात नाही. जाडीसुद्धा एका बाजूला दोन मिलिमीटर जास्त. मधला भाग नाहीच आहे! बोअर मोजला, खाचा मोजल्या, शतांशापर्यंत मोजल्या — आणि दोन तुकडे टोकाला टोक लावून बघायचं कुणाला सुचलं नाही. मला तर मुळीच नाही.

"तू ठेवलीस," काका म्हणाले.

"तू विकलीस," अक्का म्हणाल्या.

जेवण झालं, पण गोड कुणी घेतलं नाही. अक्का म्हणतात, सकाळच्या पहिल्या बसने जाते.


२ ऑक्टोबर, गुरुवार

अक्का गेल्या नाहीत. सकाळी त्या पिशवी भरत होत्या, तेव्हा काकूंनी कॉफीच्या तीन पेल्यांच्या मधोमध तो तुकडा आणून ठेवला. वीतभर. चांदीची वेल, लखलखीत.

तेव्हा काकांनी रागाच्या भरात नळी काकूंच्याच हाती देऊन कापायला पाठवलं होतं. लेथवाल्याने विचारलं, दोन ना? काकू म्हणाल्या, तीन.

काका तुकड्यावर वाकले. "पण... तुझा कसला वाटा यात?"

"मामंजींचं शेवटचं वर्षभराचं दुखणं मी काढलं," काकू म्हणाल्या. "वाटणी झाली त्या दिवशी बारा माणसांचा स्वयंपाकही मीच केला. तुम्ही दोघं भांडलात, की कुणाला किती. मला काय हवं, ते कुणी विचारलंच नाही."

अक्का आधी हसल्या. पोट धरून हसल्या. मग उठून त्यांनी पाटावरच्या दोन नळ्या दूर सारल्या आणि काकूंचा तुकडा स्वतःच्या हाताने मध्ये ठेवला. सातच्या सात खाचा जुळल्या.

दोन वर्षं मी रोज यांच्या हातची कॉफी पिते. आणि मीही विचारलं नव्हतं.